चालतें इंजिन अकस्मात् कां थांबतें?

मोटारीच्या दुखण्यांत दोन जाती आहेत. कांहीं दुखणीं हळूहळू येतात, आवाज करतात, धूर सोडतात, आणि चालकाला आधीं इशारा देतात. दुसऱ्या जातीचीं दुखणीं मात्र कसलीहि पूर्वसूचना न देतां येतात आणि तितक्याच निमूटपणें निघून जातात. सुरळीत धांवणारें इंजिन, दिवा मालवावा तसें, एका क्षणांत थांबतें. किल्ली फिरविली तर स्टार्टर जोरानें फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं. अर्धा तास वाट पाहिल्यावर तेंच इंजिन, जणूं कांहीं घडलेंच नव्हतें अशा थाटांत, पहिल्याच प्रयत्नांत सुरू होतें. गॅरेजांत नेलें कीं तें शहाण्या मुलासारखें वागतें. मिस्त्री दोन फेऱ्या मारून येतो, 'गाडीला कांहीं झालेलें नाहीं' असें सांगतो, आणि पुढच्या आठवड्यांत गाडी पुन्हां भर रस्त्यांत उभी राहते.

अशा दुखण्याचें मूळ पुष्कळदां अंगठ्याएवढ्या एका वस्तूंत सांपडतें. इंजिनाचा क्रँकशाफ्ट कोणत्या क्षणीं कोणत्या स्थितींत आहे हें ओळखणारा हा सेन्सर होय. गॅरेजांत त्याला नुसतें 'क्रँक सेन्सर' म्हणतात. इंजिन बंद पडण्याचें हें एकमेव कारण नव्हे, हें प्रथमच ध्यानांत घेतलेलें बरें. परंतु हा भाग बिघडला असतां त्याचा दोष नेहमीं दुसऱ्यांच्या माथीं मारला जातो. आधीं बॅटरी बदलली जाते, मग प्लग, मग टाकींतला पेट्रोलचा पंप. दर वेळीं काम होईपर्यंत इंजिन थंड झालेलें असतें, त्यामुळें तें सुरू होतें, आणि नवा भाग लागू पडला असें सर्वांना वाटतें. औषध घेतल्यावर ताप उतरला एवढ्यावरून तें औषध खरें ठरत नाहीं. कित्येक ताप आपोआपच उतरत असतात. म्हणून या दुखण्यांत भाग बदलण्यापूर्वीं दोष सिद्ध करणें, हेंच खरें काम आहे. त्यासाठीं त्या सेन्सरचा धंदा काय आणि तो कां रुसतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनांत पिस्टन वर जाऊन हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबतो. तो वरच्या टोंकास पोंचण्याच्या किंचित् आधीं प्लगची ठिणगी पडते, आणि जळत्या वायूच्या दाबानें पिस्टन खालीं ढकलला जातो. पिस्टनांची ही वर-खालीं होणारी हालचाल क्रँकशाफ्ट या वांकड्या दांड्याच्या योगानें चक्राकार गतींत बदलते. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देतें. उशिरां पडली तर शक्ति वायां जाते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनांत क्रँकशाफ्टला एक अंश फिरावयास सेकंदाचा १८,०००वा भाग पुरतो. एवढ्या अल्प काळाचा हिशेब ज्यानें ठेवावयाचा, त्याला दांडा या घटकेस कोठें आहे हें अचूक कळलेंच पाहिजे.

जुन्या मोटारींत हें काम डिस्ट्रिब्यूटर करीत असे. त्याची दांडी दंतचक्रांच्या द्वारें इंजिनाशींच जोडलेली असे, आणि तिच्यावरील उंचवटे 'पॉइंट' या नांवाचे धातूचे दोन ओंठ ठराविक वेळीं उघडीत. त्यांत कोणी कोणास कांहीं विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दांडा फिरला कीं पॉइंट उघडत आणि ठिणगी पडे. पॉइंट जळत, झिजत, त्यांच्यामधील फट बिघडे. पण रस्त्याच्या कडेला बसून कानशीनें ते घांसतां येत. पुढें धुरासंबंधींचे नियम कडक होत गेले, तशी ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचें माप हीं दोन्ही कामें संगणकाकडे गेलीं. दोहोंचें एकत्र नियमन करणारी मोट्रॉनिक नांवाची व्यवस्था जर्मनींतील बॉश कंपनीनें १९७९ सालीं आणली. भारतांत २००० सालापासून धुराचे नवे नियम लागूं होऊं लागले, तशी मोटारींतील कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शननें घेतली. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम अमलांत आल्यावर मोटारसायकलींनाहि तोच मार्ग धरावा लागला. हा संगणक हिशेबांत पटाईत असला तरी त्याला स्वतःचे डोळे नाहींत. निरनिराळे सेन्सर हेच त्याचे डोळे. आणि त्यांतला क्रँक सेन्सर मिटला कीं ठिणगी केव्हां टाकावी हें त्याला कळेनासें होतें. डिझेलच्या नव्या इंजिनांत ठिणगी नसली तरी डिझेल नेमकें केव्हां फवारावें हें ठरवावेंच लागतें, म्हणून तेथेंहि हाच सेन्सर लागतो. कांहीं गाड्यांत तो बंद पडल्यास कॅमशाफ्टच्या सेन्सरवर लंगडत घरीं जाण्याची सोय ठेवलेली असते. पण ती सर्वत्र नसते.

या सेन्सरची रचना मोठी साधी आहे. चुंबकाचा प्रभाव बदलला कीं जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हा मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लंडनमध्यें दाखवून दिलेला नियमच येथें राबतो. सेन्सरच्या पोटांत एक लहानसा कायमचा चुंबक असतो आणि भोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्याच्या टोंकासमोर, सुमारें एक मिलिमीटर अंतरावर, क्रँकशाफ्टबरोबर फिरणारें दांतेरी लोखंडी चाक असतें. दांता समोर आला कीं चुंबकाचा प्रभाव वाढतो, खांच आली कीं तो कमी होतो, आणि प्रत्येक दांत्यागणिक वेटोळ्यांत विजेची एक लहर उमटते. पुष्कळ गाड्यांत या चाकावर ६० दांत्यांची आखणी करून प्रत्यक्षांत ५८ दांतेच ठेवलेले असतात. म्हणजे एक दांता ६ अंशांचा झाला. आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीला सेकंदास अशा २,९०० लहरी संगणकाकडे जातात. गाळलेल्या दोन दांत्यांची मोकळी जागा ही मुद्दाम ठेवलेली खूण आहे. तबल्याच्या ठेक्यांतील खाली ऐकून गवयाला आवर्तन कोठें आलें हें कळतें, त्याप्रमाणें ही रिकामी जागा आली कीं संगणकाला दांड्याची स्थिति कळते आणि तेथून पुढें तो दांते मोजूं लागतो.

याच कामाची दुसरी जात म्हणजे हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधून काढलेल्या परिणामावर तो चालतो. वेटोळ्याचा सेन्सर स्वतःच वीज निर्माण करतो. हॉल सेन्सरला ती बाहेरून पुरवावी लागते. म्हणून पहिल्याला बहुधा दोन तारा असतात आणि दुसऱ्याला तीन: एक विजेची, एक अर्थिंगची आणि एक संदेशाची. वेटोळ्याच्या सेन्सरलाहि कधीं कधीं तिसरी तार दिसते. ती बाहेरच्या विजेचा उपद्रव अडविणाऱ्या जाळीची असते. ही ओळख पुढें तपासणीच्या वेळीं उपयोगी पडते. मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या तालुक्याच्या गांवच्या मिस्त्रीला वेटोळ्याचा सेन्सर नवा नाहीं. तो ज्याला 'पल्सर कॉइल' म्हणतो तें याचेंच धाकटें भावंड. आणि गाडी तापली कीं पल्सर कॉइल दगा देते, हेंहि त्याला अनुभवानें ठाऊक असतें.

तापल्यावरच दगा कां, याचें उत्तर त्या बारीक तारेंत आहे. सेन्सर इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या अंगालाच चिकटून बसलेला असतो. इंजिन तापलें कीं तो तापतो, निवालें कीं निवतो, आणि असें वर्षानुवर्षें चालतें. तांबें, भोंवतालचें प्लास्टिक आणि आंत ओतलेली राळ हीं उष्णतेनें सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. त्या ओढाताणींत एखाद्या ठिकाणीं तार तुटते. थंड असतां तुटलेलीं टोंकें एकमेकांस टेकून राहतात आणि काम चालतें. तापल्यावर तीं विलग होतात आणि संदेश बंद पडतो. गाडी निवली कीं टोंकें पुन्हां टेकतात. म्हणूनच हें दुखणें मे महिन्याच्या दुपारीं, वाहनांच्या गर्दींत किंवा घाटांत उद्भवतें. खोपोलीहून खंडाळ्याकडे बोरघाट चढतांना इंजिनाला श्रम अधिक पडतात आणि गति कमी असल्यामुळें समोरचा वाराहि कमी लागतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, गाडी थांबविल्यावर पाण्याचें अभिसरण आणि वारा दोन्ही थांबतात, पण इंजिनांतील उष्णता बाहेर येतच राहते; त्यामुळें कांहीं मिनिटें बोनेटखालील भाग उलट अधिक तापतात. दहा मिनिटें चहाला थांबलेली गाडी नंतर सुरू होत नाहीं, तें यामुळें.

आतां पंपावर खोटा आळ कां येतो, हें पाहण्यासारखें आहे. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत किल्ली फिरवितांच टाकींतला पंप सुमारें दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संदेश क्रँक सेन्सरकडून मिळाला तरच संगणक पंप चालूं ठेवतो. अपघात होऊन इंजिन बंद पडलें असतां फुटलेल्या नळींतून पेट्रोल वाहूं नये, यासाठीं केलेली ही योजना आहे. पण त्यामुळें सेन्सर मुका झाला कीं ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदमच नाहींशीं होतात. मिस्त्रीनें नुसता पेट्रोलचा दाब पाहिला तर तो म्हणणार, पंप गेला. नुसती ठिणगी पाहिली तर म्हणणार, इग्निशन कॉइल गेली. दोन्ही एकाच वेळीं नाहींत असें दिसलें, तर त्या दोहोंच्या मुळाशीं जें एक आहे तिकडे वळलें पाहिजे. तेथें संशयित तीनच: क्रँक सेन्सर व त्याच्या तारा, दोहोंना वीज पुरविणारा मुख्य रिले किंवा फ्यूज, आणि सर्वांत शेवटीं संगणक.

लक्षणें नीट पाहिलीं तर निदान अर्धें होतें. पेट्रोल कमी पडत असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल, तर इंजिन आधीं अडखळतें, आचके देतें, चढावर दम सोडतें आणि मग थांबतें. हवेचें दार काजळीनें माखलें असेल तर गाडी सिग्नलपाशीं, मंद गतीवर बंद पडते. वेगांत असतां सहसा पडत नाहीं. सेन्सरचा दोष असेल तर आचका नाहीं, अडखळणें नाहीं; कोणी स्विच बंद करावा तसा प्रकार होतो. गाडी गिअरमध्यें असून चाकें इंजिनाला फिरवीत असतांनाहि फेरे दाखविणारा कांटा एकदम शून्यावर कोसळतो, कारण पुष्कळ गाड्यांत त्या कांट्यालाहि याच सेन्सरकडून खबर मिळते. पुढें स्टार्टर फिरवितांना तो कांटा मुळींच हलला नाहीं, तर संशय अधिक बळावतो. मात्र मुख्य रिले किंवा किल्लीचा स्विच सैल असल्यासहि इंजिन असेंच झटक्यांत थांबतें. त्या वेळीं समोरच्या पट्टीवरील दिवेहि विझतात किंवा लुकलुकतात, एवढा फरक दिसतो.

निदानाकडे वळण्यापूर्वीं चालकाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याचा विचार आधीं केला पाहिजे. इंजिन थांबलें कीं ब्रेक लागत नाहींत, हा समज चुकीचा आहे. पण ब्रेकला मिळणारें साहाय्य संपत जातें, हें खरें आहे. पेट्रोलच्या गाडींत हें साहाय्य इंजिनाच्या ओढीनें निर्माण होणाऱ्या निर्वातापासून मिळतें, आणि इंजिन थांबल्यावर पेटींत सांठलेला निर्वात ब्रेक दोन-तीन वेळां दाबण्यापुरताच असतो. म्हणून ब्रेक पुनःपुन्हां दाबून सोडूं नये. एकदांच ठामपणें दाबावा आणि गाडी थांबेपर्यंत तसाच धरावा. सांठा संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पायाचा जोर पुष्कळ अधिक लावावा लागतो. स्टिअरिंग जड होतें, पण वळतें. किल्ली मात्र चालत्या गाडींत मागें फिरवून काढूं नये, कारण तसें केल्यास स्टिअरिंगला कुलूप बसतें. धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी. घाट उतरत असतां साध्या गिअरची गाडी गिअरमध्येंच ठेवावी. चाकें इंजिनाला फिरवीत राहतात, त्यामुळें निर्वातहि निर्माण होत राहतो आणि वेगहि आवरला जातो. चढावर गाडी थांबली तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकाखालीं दगड लावावा, आणि निघतांना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाकावा. घाटांत राहून गेलेला असा दगड रात्रीं मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततो.

निदानाचें पहिलें साधन वही आहे. गाडी केव्हां बंद पडली, किती अंतर चालल्यावर, ऊन होतें कीं पाऊस, थांबतांना आचके दिले कीं नाहीं, आणि किती वेळानें सुरू झाली, एवढ्या नोंदी तीन-चार वेळां केल्या तर मिस्त्रीला त्यांतून पुष्कळ कळतें.

दुसरें साधन स्कॅनर. अमेरिकेंत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत दोष नोंदविणारी समान पद्धति सक्तीची झाली, आणि पुढें भारतांतील गाड्यांतहि ती आली. स्टिअरिंगखालील खांचेंत स्कॅनर जोडला कीं संगणकानें टिपून ठेवलेले दोषांचे क्रमांक वाचतां येतात. पी ०३३५ हा क्रमांक क्रँक सेन्सरच्या विद्युत्-मार्गाचा आणि पी ०३३६ हा त्याच्या संदेशांतील अनियमितपणाचा. दोष नोंदला गेला त्या क्षणीं इंजिन किती तापलें होतें आणि गाडीचा वेग किती होता, हेंहि पुष्कळदां त्याच ठिकाणीं टिपलेलें असतें. म्हणून हें सर्व वाचून कागदावर उतरवून घेण्यापूर्वीं बॅटरीची तार काढूं नये. कित्येक गाड्यांत तसें केल्यानें सारी नोंद पुसली जाते.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, क्रमांक न मिळाला म्हणजे सेन्सर निर्दोष ठरत नाहीं. लहरी एकदम थांबल्या तर संगणकाला वाटतें कीं मालकानेंच इंजिन बंद केलें, आणि तो कसलीच तक्रार नोंदवीत नाहीं. अशा वेळीं स्टार्टर फिरवीत असतां स्कॅनरवर इंजिनाचे फेरे पाहावे. साधारणपणें मिनिटाला दोनशेंच्या आसपास आंकडा दिसावयास हवा. इंजिन फिरत असूनहि शून्यच दिसलें, तर संदेश पोंचत नाहीं हें उघड आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रमांक हा विद्युत्-मार्गाचा असतो. तो एकट्या सेन्सरकडे बोट दाखवीत नाहीं. त्या मार्गांत सेन्सर आहे, दोन-तीन तारा आहेत, जोड आहे, आणि समोरचें दांतेरी चाकहि आहे. क्रमांक पाहून लगेच नवा सेन्सर आणणाऱ्याला पुष्कळदां तोच दोष नव्या सेन्सरसह भेटतो.

म्हणून तिसरें साधन डोळे. सेन्सरपासून निघालेली तार शेवटपर्यंत पाहावी. ती धुराच्या तापलेल्या नळीला टेकून वितळली आहे काय, उंदरानें कुरतडली आहे काय, जोडांत तेल किंवा पाणी शिरलें आहे काय, पितळी टोंकांवर हिरवा गंज चढला आहे काय? क्लचचें काम नुकतेंच झालें असेल तर विशेष बारकाईनें पाहावें, कारण अनेक गाड्यांत हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ असतो, आणि गिअरबॉक्स पुन्हां बसवितांना त्याची तार चिमटण्याचा किंवा दांतेरी कडेला मार बसण्याचा संभव असतो. सेन्सरच्या टोंकाला चुंबकामुळें लोखंडाचा बारीक कीस चिकटून बसतो. तो दाट झाला तर दांता आणि खांच यांतला भेद अस्पष्ट होतो. अशा वेळीं नुसतें पुसून घेतल्यानेंहि काम भागतें.

चौथें साधन मल्टिमीटर. वेटोळ्याच्या सेन्सरचा जोड काढून त्याच्या दोन टोंकांमधील रोध मोजावा. गाडीपरत्वें तो कांहीं शें ओहमपासून हजार-दीड हजारापर्यंत असूं शकतो. खरा आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांत पाहावा. हें मोजमाप थंड असतां एकदां आणि दोष उद्भवलेला असतां, म्हणजे गरम स्थितींत, दुसऱ्यांदा करणें अत्यावश्यक आहे. थंड सेन्सरचें एकच माप घेऊन 'ठीक आहे' म्हणणें, हें ताप उतरल्यावर रोग्याला तपासून निरोगी ठरविण्यासारखें होय. मात्र गरम झाल्यावर आंकडा कांहींसा वाढणारच, हें विसरूं नये. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला शेंकडा सुमारें ०.४ वाढतो; २० अंशांवर ९०० ओहम भरणारी निर्दोष तार १०० अंशांवर सुमारें १,१८० ओहम दाखविते. ही वाढ नैसर्गिक आहे. आंकडा एकदम अनंताकडे गेला, किंवा तार हालवितांना नाचूं लागला, तर तो दोष. तसेंच कोणतेंहि टोंक आणि इंजिनाचें अंग यांमध्यें रोध मोजला असतां मार्ग बंद दिसला पाहिजे. तेथें वीज वाहत असेल तर आंतलें आवरण फाटलें आहे असें समजावें. हॉल सेन्सरला मात्र ही रोधाची परीक्षा लावूं नये. तेथें प्रथम जोडापाशीं वीज आणि अर्थिंग पोंचते कीं नाहीं तें पाहावें, आणि मग इंजिन फिरत असतां संदेशाच्या तारेवर वीज लागते-तुटते कीं नाहीं तें तपासावें. वीजच पोंचत नसेल तर बिचाऱ्या सेन्सरचा त्यांत काय अपराध?

शेवटची आणि सर्वांत पटणारी परीक्षा थंडाव्याची आहे. गाडी तापून बंद पडली असेल, सेन्सर हाताला लागण्यासारखा असेल, आणि गाडी सुरक्षित जागीं उभी असेल, तर थंड पाण्यांत पिळलेलें फडकें फक्त सेन्सरवर कांहीं मिनिटें धरावें. एरवीं अर्धा तास रुसणारें इंजिन त्यानंतर लगेच सुरू झालें, तर गुन्हेगार हातीं लागला असें मानण्यास हरकत नाहीं. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतूं नये, आणि पंख्याजवळ किंवा धुराच्या नळीजवळ हात घालूं नये.

दोष सिद्ध झाल्यावर बदलण्याचें काम त्या मानानें सोपें आहे. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी. सेन्सर खालच्या बाजूनें काढावयाचा असेल तर गाडी केवळ जॅकवर तोलून कोणीहि खालीं शिरूं नये. पक्के स्टँड लावावे आणि चाकांना अडसर द्यावा. सेन्सर बहुधा एकाच लहान बोल्टनें धरलेला असतो. बोल्ट गंजला असेल तर गंज सोडविणारें तेल घालून थोडा वेळ थांबावें; घाईनें बोल्टाचें डोकें तुटलें तर अर्ध्या तासाचें काम दिवसभराचें होतें. सेन्सर भोंकांत घट्ट बसला असेल तर पेंचकसानें उचकटूं नये. आधीं डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा. तो बाहेर आल्यावर भोंकाच्या तोंडाची घाण पुसावी, पण ती आंत पडूं देऊं नये. नवा सेन्सर जुन्याशेजारीं ठेवून लांबी, टोंक आणि जोड ताडून पाहावा. रबरी कड्याला इंजिन-तेलाचें बोट लावावें आणि सेन्सर हातानेंच दाबून बसवावा. हातोडीनें ठोकल्यास आंतला चुंबक किंवा तार तडकते. कांहीं सेन्सरच्या टोंकाला अंतर राखण्यासाठीं कागदाची टिकली लावलेली असते, ती मुद्दाम असते, काढूं नये. बोल्ट पुस्तकांत दिलेल्या जोरानेंच आवळावा. तार पूर्वीच्याच वाटेनें, पूर्वीच्याच चिमट्यांत बसवावी. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण सैल सोडलेली तार महिन्याभरांत तापलेल्या नळीला टेकते, आणि मग नवा सेन्सर खराब निघाला असा बोभाटा होतो.

बसविल्यानंतर स्कॅनरनें जुने क्रमांक पुसावे. कांहीं गाड्यांत नव्या सेन्सरची ओळख संगणकाला करून द्यावी लागते. तसें असल्यास पुस्तकांतील कृति करावी. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, गांवाजवळच्या सपाट रस्त्यावर गाडी चालवावी. थोडा वेळ थांबवून गरम असतांच ती पुन्हां सुरू करून पाहावी. हीं दोन्ही कामें निर्वेध पार पडलीं म्हणजे मगच घाटाची वाट धरावी. पहिल्याच दिवशीं मुलांमाणसांना बसवून घाटांत परीक्षा पाहूं नये.

ज्याला आपलें निदान खरें होतें कीं नाहीं हें जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें काढलेला जुना सेन्सर फेंकून देऊं नये. तो वेटोळ्याचा असेल तर टोंकांना मल्टिमीटर जोडून, केस वाळविण्याच्या यंत्राच्या गरम हवेवर त्याला हळूहळू तापवावें. आंकडा सावकाश चढत जाऊन मध्येंच एकाएकीं मार्ग तुटलेला दिसला, आणि निवल्यावर तो पुन्हां जोडलेला दिसला, तर रस्त्यावर महिनोन् महिने छळणारें दुखणें मेजावर डोळ्यांदेखत पाहावयास मिळतें. आंकडा शेवटपर्यंत शांतच राहिला, तर संशय पुन्हां तारांकडे आणि जोडांकडे वळवावा, आणि गाडी बरी झाली असें समजून निर्धास्त राहूं नये. मिस्त्रीकडे गाडी देतांनाहि मालकानें 'कोणता भाग बदलूं?' या प्रश्नापाशीं न थांबतां 'हाच भाग बिघडला हें कशावरून?' एवढें विचारावें. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाहीं. त्याच्यापाशीं उत्तर तयार असतें.